ठमीचं वाडगं कोण रिकामं करतं?

'माझा परिचय थोडक्यात देणे हा माझ्यावर अन्याय होईल, तरीही प्रयत्न करतो. नजर ससाण्याची, चिकाटी घोरपडीची, स्मरणशक्ती हत्तीची. वजनमापे तपासणी खात्यात बत्तीस वर्षे सेवा. मी दुकानाच्या दारात नुसता उभा राहिलो, की आतल्या तराजूचा काटा आपण होऊन सरळ होत असे. निवृत्तीनंतर खाजगी गुप्तहेर. आजवर उकललेली प्रकरणे सात. पैकी तीन इतरांनी उकलली, पण त्या वेळी मी जागेवर हजर होतो. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, तेथे कुत्रे सुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.'

प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रं सांभाळायला आणायचं तर एक अर्ज भरावा लागतो, आणि त्या अर्जात 'स्वतःविषयी दोन ओळी' असा एक रकाना असतो. वरचा मजकूर त्या रकान्यातला, वजनमापांच्या एका निवृत्त तपासनिसांनी लिहिलेला. रकाना पुरला नाही म्हणून सोबत तीन पानं टाचली होती, त्यांत ससाण्याचा मुद्दा पुन्हा एकदा आला होता. निवाऱ्याच्या बाईंनी ती तिन्ही पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "घरात आणखी कोण कोण असतं?"

तपासनीस म्हणाले, "पत्नी. रुग्णालयात परिचारिका आहे. आणि तिच्या आई."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

तर मंडळी, या प्रकरणाची हकीगत तपासनीस आता स्वतःच चारचौघांत सांगतात, आणि हसायचं कुठे ते ऐकणाऱ्याच्या आधी त्यांनाच कळतं. माणसाला स्वतःवर हसण्याची बुद्धी व्हावी ही देवाची मोठीच कृपा. ती तपासनिसांवर वयाच्या एकसष्टाव्या वर्षी झाली, आणि झाली ती एका कुत्रीच्या वाडग्यातून.

कुत्री चार वर्षांची. अंगावर काळे-पांढरे ठिपके, एक कान उभा, दुसरा कायमचा पडलेला. निवाऱ्यात तिला एक क्रमांक होता. तपासनिसांच्या बायकोने गाडीतच तिचं नाव ठमी ठेवलं आणि तिला मांडीवर घेतलं. तपासनीस मात्र तिला 'अशील' म्हणू लागले, कारण आपल्याकडे जो कोणी येतो तो गाऱ्हाणं घेऊनच येतो अशी त्यांची समजूत होती.

बाईंनी निघताना बजावलं होतं, "पंधरा दिवस तात्पुरता सांभाळ. रुळली तर कायमची दत्तक. याआधी दोन घरांतून परत आलीय ती. पलंगाखालून बाहेरच येत नाही म्हणून एकांनी आणून सोडली, माणसांत मिसळत नाही म्हणून दुसऱ्यांनी. तिसऱ्यांदा पिंजऱ्यात परत आली, तर पुन्हा कुणाच्या मांडीवर बसेल असं मला वाटत नाही."

ते वाक्य बायकोने मनाशी धरून ठेवलं. तपासनिसांनी ते वहीत लिहून घेतलं.

सोबत सूचनांचा एक छापील कागद होता. ठमीने गाडीतच त्याचा कोपरा चावला. तपासनिसांनी घरी येताच तो कागद चिमट्याने उचलला, पाकिटात घातला, पाकिटावर लाख ओतली आणि लिहिलं, 'पुरावा क्रमांक एक. दातांचे ठसे.'

"वाचला का तुम्ही तो?" बायकोने विचारलं.

"पुरावा वाचायचा नसतो. जपायचा असतो."

बायको सकाळी सातला कामावर जाई, तेव्हा ठमीला सकाळचं खाणं देण्याचं काम तपासनिसांकडे आलं. मंगळवारी सकाळी आठ वाजता त्यांनी एकशे ऐंशी ग्रॅम कोरडा खाऊ, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही, असा काट्यावर तोलून स्वयंपाकघरातल्या वाडग्यात घातला. मग समोर स्टूल घेतलं, हातात भिंग घेतलं आणि बसले. दुकानदार माल तोलत असताना त्यांच्यासमोर बसत तसेच. बत्तीस वर्षांत हीच तर त्यांची कामाची रीत. समोरच्याच्या हाताकडे बघायचं आणि पापणी लववायची नाही.

ठमी टेबलाखाली बसली. वाडग्याकडे बघायची, तपासनिसांकडे बघायची आणि मग भिंतीकडे बघायची. चाळीस मिनिटं झाली. वाडगं भरलेलंच. शेवटी तपासनीस अंघोळीला गेले. अंगाला साबण लावेपर्यंत त्यांच्या मनात काही आलं आणि ते तसेच टॉवेलवर परत आले, तर वाडगं लख्ख. ठमी टेबलाखाली, होती तिथेच आणि होती तशीच, भिंतीकडे बघत.

आता तुमच्याआमच्यासारख्या साध्या माणसाला वाटलं असतं की कुत्रीने खाल्लं. पण गुप्तहेराचं डोकं असं सरळ रस्त्याने जात नाही. त्यांनी वहीत लिहिलं : 'अशिलाला भूक नाही हे चाळीस मिनिटांच्या प्रत्यक्ष पाहणीत सिद्ध. तरीही अन्न नाहीसे. सबब, घरात चोर येतो. चोराला माझ्या अंघोळीची वेळ ठाऊक आहे.'

हे वाक्य लिहून झाल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. थोडासा टॉवेल ओला असल्यामुळेही आला.

पहिला संशय शेजारच्या शिंप्याच्या बोक्यावर. त्याचं नाव सुभेदार, वजन उघड्या डोळ्यांना सहा किलो. तपासनीस दुकानात गेले तेव्हा शिंपी तोंडात टाचण्या धरून एका कोटाची बाही जोडत होता.

"सुभेदार आज सकाळी आठ चाळीसला कुठे होता?"

शिंप्याने टाचण्या काढल्या. "इस्त्रीच्या टेबलावर."

"साक्षीदार?"

"इस्त्री." शिंप्याने बोक्याचा ओठ वर उचलून दाखवला. आत नुसत्या हिरड्या. "काका, चौदा वर्षांचा आहे तो. मी त्याला भिजवून भरवतो. तुमचा जिना चढायला त्याला दोन मुक्काम करावे लागतील."

"दात काढून ठेवता येतात," तपासनीस गंभीरपणे म्हणाले.

"बोक्याचे?"

तपासनिसांनी बोक्याचा मुद्दा वहीत खोडला. पण या बोलण्यातून त्यांना दुसरा धागा मिळाला, कारण दात काढून ठेवणारं एक माणूस त्यांच्या घरातच होतं.

सासूबाई ऐंशी पार केलेल्या. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून भजनं गुणगुणायच्या. दिसायचं कमी, पण पलीकडच्या गल्लीत कुणी कडी काढली तरी त्यांना ऐकू यायची. तपासनीस त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले.

"आई, आज सकाळी पावणेनऊला आपण कुठे होतात?"

"जावईबापू, अकरा वर्षं झाली, मी याच खुर्चीत आहे."

"मधे उठला होतात?"

"उठले असते तर तुम्हाला हाक मारली असती. माझी काठी तुम्ही ठसे घ्यायला नेलीय ना."

हे खरं होतं. तपासनिसांनी काठी परत आणून दिली आणि वहीत सासूबाईंच्या नावावर काट मारली. अर्धीच मारली, कारण पूर्ण काट मारण्याइतका पुरावा नव्हता.

बुधवारी सकाळी त्यांनी अंघोळीची वेळ बदलली. चोराने पण बदलली. वाडगं पुन्हा रिकामं. तेव्हा त्यांनी अंघोळच बंद केली. संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा तपासनीस स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभे होते. पडद्याखालून बुटांची टोकं दिसत होती आणि पडद्याच्या फटीतून भिंग धरलेला एक हात बाहेर आला होता. ठमी टेबलाखालून त्या पडद्याकडे एकटक बघत होती. रात्रीच्या नोंदीत आलं : 'अशील पडद्याकडे घाबरून पाहते. पडद्यात काहीतरी आहे.'

गुरुवारी ठमीने काहीच खाल्लं नाही, सकाळीही नाही आणि संध्याकाळीही नाही. बायको खाली बसून हातावर दाणे घेऊन तिला बोलावत होती. "ये गं माझी बाय, एक दाणा खा." आणि बायकोच्या खांद्यावरून भिंगात मोठा झालेला तपासनिसांचा डावा डोळा ठमीला दिसत होता.

"अहो, जरा मागे सरका ना. मला उजेड येत नाहीये."

"हालचाल झाली की चोर सावध होतो."

मग तिसरा सिद्धांत आला. अन्नात विष आहे आणि अशिलाला ते वासावरून कळलंय. सिद्धांत आला की त्याची चाचणी आली. शुक्रवारी दुपारी तपासनिसांनी दार लावलं, देवाचं नाव घेतलं आणि त्या कोरड्या खाऊचे सात दाणे एकामागून एक चावून खाल्ले. सातव्यानंतर त्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला.

"एक विचारायचं होतं. हा खाऊ माणसाने खाल्ला तर काही अपाय होतो का?"

"कोणी खाल्ला?" डॉक्टरांनी विचारलं.

"एका परिचिताने."

"किती?"

"सात. मीठ थोडं कमी आहे असं त्याचं म्हणणं."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, "परिचिताला पाणी भरपूर प्यायला सांगा. केस चांगले येतील."

तपासनिसांनी टकलावरून हात फिरवला आणि फोन ठेवला. विष नव्हतं. म्हणजे सिद्धांतही उरला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी ठमीला उचलून घेतलं, वजनकाट्यावर उभे राहिले आणि स्वतःचं वजन वजा केलं. आली तेव्हा अकरा किलो चारशे. आता दहा किलो नऊशे. त्यांनी काटा पुन्हा शून्यावर आणला आणि पुन्हा उभे राहिले. दहा किलो नऊशे. खोटे काटे पकडण्यात बत्तीस वर्षं घालवलेला तो माणूस तिथे उभा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, हा एवढा एक काटा खोटा निघू दे रे देवा.

हातातली ठमी थरथरत होती. हलकी लागत होती.

बायकोने निवाऱ्याच्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "दोन दिवस काहीच नाही? घरात गोंगाट असतो का फार?"

फोन तपासनिसांनी घेतला. "अजिबात नाही. कडेकोट शांतता. मी तर श्वाससुद्धा हळू घेतो."

"मग मलाही कळत नाही. उद्या अकरा वाजता मी येते. तोवर खाल्लं नाही तर तिला घेऊन जावं लागेल, सलाईन लावावं लागेल. पिंजरा घेऊनच येते."

फोन ठेवल्यावर बायको उठली. ठमीसाठी शिवत आणलेली गादी होती, तिच्या एका कडेची शिलाई राहिली होती. ती घेऊन ती दिव्याखाली बसली आणि टाके घालत राहिली.

"उद्या नेणार आहेत तिला," तपासनीस म्हणाले.

"शिवून तर होऊ दे. बरोबर देता येईल."

तपासनीस त्यानंतर वही घेऊन बसले ते झोपेपर्यंत. आणि शनिवारी सकाळी उठले ते प्रकरण उकललेल्या माणसासारखे.

सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून गुन्हेगाराचं नाव जाहीर करायचं, ही गुप्तहेराच्या आयुष्यातली सर्वोच्च घटका. तपासनिसांनी बरोबर साडेदहाला बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. बायकोने सुट्टी घेतली होती. सासूबाई होत्याच. शिंप्याला गळ्यातल्या टेपसकट बोलावून आणलं. निवाऱ्याच्या बाई वेळेआधीच आल्या, त्यांनी पिंजरा दाराशी ठेवला. त्याच्या कडीचा आवाज झाला तशी बायकोने मान खाली घातली. ठमी स्वयंपाकघरात टेबलाखाली होती, समोर सकाळचं भरलेलं वाडगं. तपासनिसांनी मधला दरवाजा ओढून घेतला. अशिलासमोर गुन्हेगाराचं नाव घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"मित्रहो," ते म्हणाले, "या खोलीत एक गुन्हेगार बसलेला आहे."

"काका, मला बारा वाजता एक कोट द्यायचाय," शिंपी म्हणाला.

"गडबड कोणाला असते? ज्याच्या मनात काही असतं त्याला. बोका निर्दोष आहे, पण बोक्याला भिजवलेलं लागतं. भिजवण्यासाठी खाऊ लागतो. हा खाऊ येतो कुठून? गळ्यात टेप घेऊन कोण फिरतं? माझ्या खिडकीची उंची कोणी मोजली?"

"खिडकीच्या पडद्यासाठी मोजली. तुम्हीच बोलावलंत."

"कबुली," तपासनीस म्हणाले आणि वहीत लिहू लागले.

असा तो युक्तिवाद वीस मिनिटं चालला. अंघोळीच्या वेळा आल्या, पावलांचे ठसे आले. ते ठसे सगळे तपासनिसांच्याच बुटांचे निघाले होते, पण चोराने आपले बूट घातले असावेत असं त्यांचं मत होतं. बोलता बोलता ते इतके रंगले की पुंगीपुढच्या नागासारखे डोलू लागले. निवाऱ्याच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. आणि ऐन भरात सासूबाईंनी काठी जमिनीवर टेकवली.

"जावईबापू, जरा थांबा."

"शेवटचा मुद्दा राहिलाय, आई."

"तो राहू दे. ऐका."

सगळ्यांनी कान दिला. आधी कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग आलं. दरवाजाच्या पलीकडून कुडुम, कुडुम, कुडुम. मधे थांबायचं. पुन्हा कुडुम, कुडुम. आणि वाडगं फरशीवर थोडं थोडं सरकत असल्याचा आवाज.

"चोर," तपासनीस कुजबुजले आणि भिंग काढून दाराकडे झेपावले. सासूबाईंची काठी आडवी आली.

"बसा."

"पण आत कोण खातंय ते बघायला नको?"

"नको. तेवढंच नको." सासूबाई हळू आवाजात बोलत होत्या. "चार दिवस मी इथे बसून ऐकतेय. तुम्ही आत असता तेव्हा आतून काही आवाज येत नाही. तुम्ही अंघोळीला जाता तेव्हा येतो. तुम्ही अंघोळ बंद केलीत, तो आवाजही बंद झाला. मला वाटलं, तुमच्या ध्यानात आलं असेल. एवढी मोठी वही भरलीत."

"मग सांगायचं नाही का आम्हाला?" बायको म्हणाली.

"मी संशयित होते ना," सासूबाई म्हणाल्या. "अर्धी."

तपासनीस खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे मी बघतो म्हणून ती..."

"तुमच्या ताटासमोर कुणी असं भिंग घेऊन बसलं, तर तुमच्या घशाखाली घास उतरेल का? अहो, देवापुढे ताट ठेवलं की आपण डोळे मिटतो. भक्तीने मिटतो हे खरंच. पण त्यालाही दोन घास निवांत खाता यावेत, असं मला आपलं वाटतं."

भगवंताने माणसाला दोन डोळे दिले आणि त्यांवर पापण्याही दिल्या. त्या पापण्या कशासाठी, हा विचार तपासनिसांनी एकसष्ट वर्षांत केला नव्हता. तो त्यांनी त्या खुर्चीत बसून केला.

निवाऱ्याच्या बाई म्हणाल्या, "तिला एका बंद गोदामातून सोडवली होती. तिथे तीन दांडगी कुत्री होती. ही खाताना कुणाला दिसली की फाडून खायची हिला. तेव्हापासून कुणाची नजर असली की तोंडच उघडत नाही ती. अहो, सूचनांच्या कागदावर पहिलंच वाक्य आहे. खाणं ठेवा आणि खोलीतून बाहेर जा. तेवढं तुम्ही करतच असाल, असं मी धरून चालले होते."

सगळ्यांनी तपासनिसांकडे बघितलं.

"तो कागद," तपासनीस म्हणाले, "अत्यंत सुरक्षित आहे."

शिंपी हसू दाबायला गेला आणि त्याला ठसका लागला. बायकोला मात्र हसू आवरलं नाही, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तपासनीसही हसले. वहीतलं शेवटचं पान त्यांनी उघडलं, शिंप्याच्या नावावर काट मारली, सासूबाईंच्या नावावर राहिलेली अर्धी काट पूर्ण केली, आणि खाली नव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.

"माफ करा हं," ते शिंप्याला म्हणाले.

"असू द्या, काका. पण पडदा नको आता तुम्हाला, की हवाय?"

निवाऱ्याच्या बाईंनी पिशवीतून एक तक्ता काढला. "मला यात नोंद करावी लागते. शनिवार, सकाळ. 'प्राण्याने खाल्ले, हे सांभाळणाऱ्याने स्वतः पाहिले काय?' काय लिहू?"

तपासनिसांनी पेन हातात घेतलं. बत्तीस वर्षांत डोळ्यांनी बघितल्याखेरीज त्यांनी कुठल्याही कागदावर सही केली नव्हती, ते त्यांचं व्रत होतं. पलीकडचं कुडुम कुडुम आता थांबलं होतं, आणि कुणीतरी वाडगं चाटत होतं.

त्यांनी लिहिलं, 'नाही.' आणि सही केली.

बाईंनी ते वाचलं. "हेच हवं होतं," त्या म्हणाल्या. पाय लांब करून त्यांनी पिंजरा दाराबाहेर ढकलला. "मी पंधराव्या दिवशी येते. दत्तकपत्र घेऊन. आणि तुम्ही आज कृपा करून अंघोळ करा."

बायकोने उठून मधला दरवाजा हळूच बोटभर उघडला आणि परत येऊन बसली. ठमीचं पाण्याचं भांडं बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या खुर्चीजवळ होतं. थोड्या वेळाने नखांचा टिक टिक आवाज आला. तशी ती पाच माणसं एकदम पाच दिशांना वळली. निवाऱ्याच्या बाई छताकडे बघू लागल्या. शिंप्याने टेप डोळ्यांसमोर धरून आकडे वाचायला घेतले. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. सासूबाईंनी डोळे मिटले. आणि तपासनीस भिंतीकडे तोंड करून बसले, नाक भिंतीला लागेल इतके जवळ.

नखांचा आवाज खोलीच्या मध्यापर्यंत आला. थांबला. पुन्हा निघाला.

बराच वेळ गेला. तपासनिसांच्या कपाळावर घाम आला होता.

"आई," ते भिंतीला म्हणाले, "प्यायली का?"

"कुणास ठाऊक," सासूबाई म्हणाल्या. "मी बघत नाहीये."